बत्तीस लख्ख ताटं

सांगतो, पण आधीच बजावून ठेवतो: यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नाही, सुनेचा बसला नाही, आणि दातांच्या डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्याचंच तोंड माझ्यापेक्षा मोठं उघडलं. पण मी ते या डोळ्यांनी पाहिलंय. बत्तीस मुलं, दोन ते सहा वर्षांची, रोज दुपारी जेवायला बसायची आणि ताटात एक शीत टाकायची नाहीत. शीत नाही, मटार नाही, गाजराचा तुकडा नाही. ताटं अशी लख्ख, की त्यात बघून भांग पाडावा.

हे मी सांगितलं बालवाडीच्या पायऱ्यांवर बसून. शाळा सुटायला अर्धा तास होता आणि पोरांना न्यायला आलेली मंडळी नेहमीचं रडगाणं गात होती. एक चष्मेवाली म्हणाली, "आमची दोनच गोष्टी खाते. भात आणि माझं डोकं." कोपऱ्यावरचा शिंपी दुकान अर्धं उघडं टाकून आला होता. तो म्हणाला, "आमचा ताट बघून तोंड असं मिटतो, की वाटावं चेन मीच लावून दिलीय." त्यांच्या खालच्या पायरीवर जुळ्यांची आई बसली होती. ती कमरेवर हात मारून म्हणाली, "हे बघा. हे माझं नाही, दोघांचं उष्टं आहे. गेली तीन वर्षं मला स्वतःचं असं ताटच नाही."

"मग तुम्ही बारकीची गोष्ट ऐकायलाच हवी," मी म्हणालो. "सोपे पदार्थ, घरात असेल त्यातून होणारे. आणि मुलं अशी तुटून पडतात की बस."

"लिहून घेऊ का, आजोबा?" चष्मेवालीनं फोन बाहेर काढलासुद्धा.

"घे. फुकट आहे."

तर तेव्हा मी असेन वीस-बावीसचा. साबणाच्या कारखान्यात कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं, तिथे मी भांडीवाला. सगळ्याला साबणाचा वास. पाणी प्यायलं तरी ढेकर फेसाचा यायचा. इमारतीच्या एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला मुलांची जेवणाची खोली, आणि मधे एक अंधारी बोळकांडी, चांगली चाळीस पावलांची. भरलेली पातेली तिकडे न्यायची आणि रिकामी ताटं इकडे आणायची, हे माझं काम.

पाळणाघराच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. उंची बेताचीच, पण नियम मोठे. कोठाराची किल्ली त्यांच्या कमरेला. बटाटे मोजून द्यायच्या, तांदूळ मापून, लोणी तर सुरीनं रेघ ओढून. चव बघायला स्वयंपाकिणीनं एक चमचा घ्यायचा, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत. वाढायच्या स्वतः, पातेलं खरवडून. म्हणजे पातेल्यात काही राहायचा प्रश्नच नाही. वाढून झालं की बाई आपल्या खोलीत जेवायला जायच्या, आया मुलांकडे बघायची आणि जेवण झालं की त्यांची तोंडं धुवायला मागे न्यायची, मग मी ताटं उचलायचो. स्वयंपाकिणीनं जेवणाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, हाही नियम. का, तर मुलं तिच्या पदराला लोंबकळतात आणि तिचे लाड करून घेतात.

आणि सगळ्यांत मोठा नियम: मुलांच्या ताटात जे उरेल, ते स्वयंपाकिणीचं.

"उष्टं?" शिंप्यानं नाक मुरडलं.

उष्टंच. तिच्यासाठी वेगळं शिजणार नाही, वेगळं मिळणार नाही. पगार खोलीच्या भाड्यापुरता आणि पोट उरल्यासुरल्यावर, असा करार. बाईंचं म्हणणं, यात न्याय आहे. वाईट शिजवलंस तर तूच खा.

बारकीच्या आधी जी होती तिला आम्ही ढोली म्हणायचो. आली तेव्हा काडीसारखी होती. पण तिच्या हातचं खाऊन धडधाकट मुलं बोलायची बंद झाली. तिची खिचडी एकदा भिंतीच्या भेगेत भरली, ती भेग अजून उघडलेली नाही. मी जन्मात तिच्या हातचं तोंडाला लावलं नाही. मुलं बत्तीसच्या बत्तीस ताटं टाकून उठायची, आणि ते सगळं ढोलीच्या पोटात. वर्षभरात ती एवढी फुगली, की एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात अडकली ती अडकलीच. सुतार बोलावून चौकट कापावी लागली. लोक म्हणतात ती चौकट अजून तिच्या कमरेला आहे, कपडे वाळत घालायला वापरते.

पायऱ्यांवर हशा पिकला. जुळ्यांची आई मात्र कमरेवरचा हात काढून घेत म्हणाली, "पुढे सांगा."

पुढे काय, मोठ्या बाईंनी एक युक्ती काढली. शनिवारी मुलांचं वजन व्हायचंच, त्याच काट्यावर आता स्वयंपाकीणही उभी राहणार. मुलांचं वाढलं आणि तिचं घटलं, तर ती चांगली. तिचं वाढलं, तर तिनं मुलांच्या तोंडचं काढलं. ढोली गेली आणि या काट्यावर बारकी आली.

बारकी म्हणजे खरंच बारकी. आडवी झाली तर दिसायची, उभी राहिली तर शोधावी लागायची. नवरा कुठे होता ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार वर्षांची एक मुलगी होती, इतकीशी, म्हणून तिचं नाव टिंब. आता पाळणाघर कामगारांच्या मुलांसाठी, आणि स्वयंपाकीण ही बाईंच्या मते कामगार नव्हे. म्हणजे बारकीनं बत्तीस मुलांना जेवू घालायचं, पण तिची तेहेतिसावी आत यायची नाही. टिंब मग स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर साबणाच्या रिकाम्या खोक्यावर बसून राहायची. गजांतून नाक आत, बाकीची बाहेर.

पहिल्या दिवशी बारकीनं काय केलं असेल? साळिंदर.

"काय?" चष्मेवालीचं बोट थांबलं.

बटाट्याचं साळिंदर. बटाटे उकडायचे, गरम असतानाच कुस्करायचे, थोडं दूध, थोडं लोणी, मीठ. गाठ राहता कामा नये. मग मुठीएवढा गोळा घेऊन एका बाजूला नाक ओढायचं. पाठीवर उकडलेल्या गाजराच्या काड्या खोचायच्या, ते काटे. डोळ्यांना दोन मटार. झालं. बारकी ते करताना खिडकीकडे बघून विचारायची, "काय गं टिंबे, नाक अजून लांब करू?" टिंब म्हणायची, "कर. आणि याला राग आलाय असं कर." मग बारकी मटाराच्या वर गाजराची भुवई लावायची. असं एकेक करत बत्तीस रागीट साळिंदरं.

बाईंनी वाढली, मी ताटं आणायला गेलो. जेवणाच्या खोलीत हा गोंधळ! आणि बोळकांडीतून बत्तीस ताटं घेऊन आलो तेव्हा बारकी दारात उभी. एका हातात वाटी, एका हातात चमचा. टिंब खोक्यावर उभी राहिलेली.

"उरलं?" टिंब म्हणाली.

बारकीनं वरचं ताट बघितलं. त्याखालचं बघितलं. चळत पार तळापर्यंत उचकली. चाटूनपुसून स्वच्छ.

"नाही गं राणी," ती म्हणाली, आणि तुम्हाला सांगतो, ती हसत होती. "त्यांना आवडलं. सगळं आवडलं!"

पहिला दिवस होता ना. अजून कौतुकानं पोट भरत होतं.

"मटार उकडलेले की कच्चे?" चष्मेवालीनं विचारलं.

"उकडलेले. जास्त नाही, नाहीतर डोळा फुटतो."

दुसऱ्या दिवशी अंड्याच्या होड्या. अंडी कडक उकडायची, उभी दोन भागांत कापायची. पिवळा बलक काढून लोण्यात घोटायचा, पुन्हा भरायचा. गाजराच्या काडीवर काकडीची पातळ चकती, ते शीड. खाली टोमॅटोचा पातळ रस्सा, तो समुद्र. टिंबनं बाहेरून हुकूम सोडला, "एक होडी बुडालेली पाहिजे." बारकीनं प्रत्येक ताटात एक होडी उलटी ठेवली. ताटं आली, समुद्रसुद्धा आटलेला.

"उरलं?"

"नाही गं राणी. उद्या."

तिसऱ्या दिवशी भाताचे चेंडू. मऊ भात, मळून, मधे चीजचा तुकडा, वरून पावाचा चुरा, तव्यावर जराशा तेलात. फोडला की आतून तार निघते. चौथ्या दिवशी पाव, दूध-अंड्यात बुडवून भाजलेला, वर केळ्याच्या चकत्या, आणि चकत्यांवर बोटानं काढलेली तोंडं. पाचव्या दिवशी शेवया, लोण्यात, चिमण्यांच्या घरट्यासारख्या गुंडाळलेल्या, आत मटारांची अंडी. ताटं लख्ख, लख्ख, लख्ख. शिजवणारीचं घर कसं चालायचं, तर सकाळी चहा-पाव, रात्री पाव-चहा. तेवढा बदल.

शनिवारी वजन झालं. मुलं वाढली. बारकी दीड किलोनं घटली. मोठ्या बाई एवढ्या खूश झाल्या, की त्यांनी कारखान्याच्या कागदावर शिक्का मारून प्रशस्तिपत्रक दिलं. 'प्रामाणिक स्वयंपाकीण.' बारकीनं ते चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं. टिंबनं गजांतून विचारलं, "हे कशाचं आहे?" बारकी म्हणाली, "कागदाचं." टिंब म्हणाली, "मग एक कोपरा दे."

शिंपी हसला आणि मग आपण हसलो याचं त्यालाच वाईट वाटलं. इकडे तिकडे बघू लागला.

तीन आठवडे असे गेले. टिंबनं आता खोक्यावर उभं राहणं सोडलं, बसूनच विचारायची. मग बोट वर करून विचारायची. पुढे नुसत्या भुवया. ती एवढी वाळली होती, की दुपारच्या उन्हात तिची सावली तिच्यापेक्षा जाड पडायची. मी पाहिलंय. वारा सुटला की बारकी धावत बाहेर जाऊन तिच्या खिशांत दोन-दोन बटाटे ठेवायची, वजनाला. वारा थांबला की बाईंचे बटाटे पुन्हा आत. मोजलेले होते ना!

"बटाटे हातात असून दिले नाहीत?" जुळ्यांची आई म्हणाली.

"मोजलेले, ताई. एक कमी झाला असता तर नोकरी गेली असती, मग तो बटाटा कुठे शिजवणार?"

बारकी मला भाऊ म्हणायची. एक दिवस भांडी घासताना जवळ येऊन म्हणाली, "भाऊ, तुम्ही इथे जुने. असं कसं हो? बत्तीसातल्या एकाचंही पोट कधी भरत नाही? एखाद्याला ताप येत नाही? एखादा रुसत नाही?"

मी म्हणालो, "तुझ्या हाताला चव आहे, बारके. हाच तुझा शत्रू. जरा बिघडव की."

"बिघडवू?"

"ढोली बघ. काय शिजवायची! आणि काय जेवायची!"

तिला पटलं. दुसऱ्या दिवशी भाताच्या चेंडूंत तिनं मूठभर मीठ जास्त घातलं. डोळे मिटून घातलं, जसं काही कुणाच्या जखमेवर घालतेय. बाई त्या दिवशी सर्दीनं बेजार, त्यांना चव कळली नाही. त्या दिवशी मात्र ताटांत उरलं. फार नाही, सगळं मिळून वाटीभर. एवढं खारट होतं, की संध्याकाळपर्यंत मी पाण्याच्या पिंपापासून हललो नाही.

"तुम्ही?" जुळ्यांची आई म्हणाली.

"मुलं. मुलं हलली नाहीत. मी पाणी देत होतो. मधे बोललीस की माझी जीभ घसरते."

तर ती वाटी बारकीनं टिंबला दिली. टिंबनं घास घेतला आणि थुंकला. चार वर्षांची पोर, तीन आठवड्यांची उपाशी, पण जिभेनं आईचीच! म्हणाली, "हे तू नाही केलंस." बारकीनं तो घास खोक्यावरून उचलला, धुतला, आणि स्वतः खाल्ला. पुन्हा कधी तिनं मीठ जास्त घातलं नाही.

मग मी तिला खरी गोष्ट सांगितली. म्हणालो, "तू शिजवतेस बत्तीसांसाठी, पण बघतेस खिडकीकडे. नाक लांब करू का, होडी बुडवू का. अगं, असं लेकीला विचारून विचारून केलेलं कोणतं मूल टाकेल? तिला खिडकीतून हलव. दिसली नाही की हात आपोआप बिघडेल."

तिनं तेही केलं. खोकं उचललं आणि मागच्या भिंतीपलीकडे नेऊन ठेवलं, जिथे साबणाच्या वड्या वाळायच्या. टिंबला सांगितलं, "इथेच बस. हलायचं नाही, हाक मारायची नाही." आणि आत येऊन शिजवायला लागली. पण आता काय व्हायला लागलं? काळजी. तिकडे ऊन आलं असेल का, तिनं साबण तर तोंडात घातला नसेल ना. आणि ती काळजी बटाट्यात उतरली. त्या दिवशीच्या साळिंदरासारखं साळिंदर मी जन्मात… म्हणजे मुलांनी जन्मात खाल्लं नसेल. मी ताटं घेऊन आलो तर बोळकांडीत माझ्या पावलांचा आवाजसुद्धा चविष्ट येत होता.

"कृती तीच?" चष्मेवालीनं विचारलं. "दूध वाढवलं होतं का?"

"कृती तीच. काळजी वाढवायची."

आता खरी मजा ऐका. आठवडाभरानंतरची गोष्ट. टिंब एवढी बारीक झाली होती, की खिडकीच्या गजांतून अख्खी आत यायला तिला आता काही अडचण नव्हती. आईनं हलू नकोस म्हणून सांगितलं होतं, पण पोट कुणाचं ऐकतं? बारकी कोठाराच्या दाराशी बाईंकडून दुसऱ्या दिवसाचे बटाटे मोजून घेत होती. टिंब गजांतून आत उतरली, बोळकांडीतून सरळ जेवणाच्या खोलीत गेली आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली बसली. कुणाला दिसली नाही. दिसण्यासारखं उरलं होतं काय?

तिथे बसून तिनं बत्तीस मुलांना जेवताना पाहिलं. मग तशीच उलट पळत आली. मी तेव्हा ताटं गोळा करत होतो, त्यामुळे हे मला नंतर कळलं. बारकी चुलीशी आली होती. टिंब धापा टाकत म्हणाली, "आई! आज उरलंय!"

"काय?"

"खूप उरलंय! मी पाहिलं! त्या लाल फ्रॉकवालीनं अख्खं साळिंदर तसंच ठेवलं. एकानं काटे सगळे टाकले. एकानं डोळे काढून टेबलावर मारले. सगळ्यांचं उरलंय, आई. सगळ्यांचं!"

बारकी खाली बसली. तिनं विचारलं, "नक्की?" टिंबनं आपल्या डोळ्यांवर बोटं ठेवली, म्हणजे या डोळ्यांनी. मग बारकी उठली. हात धुतले, टिंबचे हात धुतले, तोंड पुसलं, केस मागे केले. फळीवरून दोन ताटल्या काढल्या. एक लहान, एक मोठी. ओट्याच्या कडेला टिंबला उचलून बसवलं आणि दोघी दाराकडे बघत बसल्या. मी आलो तेव्हा तशाच होत्या. दोघींच्या मांडीवर ताटली. टिंब पाय हलवत होती.

मी चळत ठेवली.

मला नेहमीच जरा वेळ लागायचा. चाळीस पावलं, बत्तीस ताटं, ओझं काय कमी असतं? त्या दिवशी तर फारच वेळ लागला. घामाघूम झालो होतो, धाप लागली होती, पट्टा एक भोक सैल करावा लागला. ठेवली चळत. वरचं ताट लख्ख.

बारकीनं ते उचललं. खालचं लख्ख. तिसरं लख्ख. टिंब म्हणाली, "त्याखाली असेल." दहावं, अकरावं. "त्याच्याखाली, आई." बाविसावं. बारकी एकेक ताट उचलून उजव्या हाताला ठेवत होती, हळू, जसं काही आवाज झाला तर कुणी जागं होईल. बत्तिसावं ताट तिनं उलटंसुद्धा करून बघितलं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "भाऊ?"

मी म्हणालो, "पोरगी भुकेनं बरळतेय, बारके. स्वप्न पडलं असेल. मुलांनी आज तर बोटंसुद्धा चाटली."

"मी पाहिलं," टिंब म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," बारकी म्हणाली.

"मी पाहिलं! लाल फ्रॉकवालीनं…"

आणि बारकीनं तिला एक ठेवून दिली. एवढ्या वाळलेल्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. टिंब ओट्यावरून खाली, ताटली तिच्याआधी खाली. पोर रडली नाही. गालावर हात धरून ताटांच्या चळतीकडे बघत राहिली. बारकी म्हणत होती, "भूक लागली तर लागली म्हण. पण खोटं नाही. माझ्या पोटी खोटं बोलणारी नको." तीन वेळा म्हणाली.

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. बघतात तर तेहेतिसावी आत! कुठून आली, कोणी आणली? टिंबनं खिडकीकडे बोट दाखवलं. बाईंनी जेवणाच्या खोलीत गेली होतीस का विचारलं, पोर हो म्हणाली. खरं बोलायचा धडा नुकताच मिळाला होता ना. मग काय, बाहेरचं मूल, न तपासलेलं, बत्तीस मुलांच्यात. तिथल्या तिथे बारकीचा एप्रन उतरवला. प्रशस्तिपत्रक भिंतीवरून सोलून घेतलं, कारण कागद कारखान्याचा होता.

दोघी फाटकातून गेल्या. आई पुढे, पोर मागे, हात धरलेला नव्हता.

मी एवढं बोलून थांबलो. शिंपी रुमाल शोधत होता. चष्मेवालीचे डोळे भरले होते, पण अंगठा अजून टाईप करत होता. "बिचारी," ती म्हणाली. "आणि मुलं अशी शेवटपर्यंत सगळं खायची? एकही टाकायचं नाही?"

"एक शीत नाही. आणि ऐक, मी काही दगड नाही. मी फाटकापर्यंत धावत गेलो. माझा स्वतःचा डबा होता, त्यात भात होता, अंडं होतं. तो मी टिंबच्या हातात दिला. म्हटलं, खा पोरी. तिनं तिथेच, फाटकाशी बसून, सगळा खाल्ला. बारकीनं माझे पाय धरले. म्हणाली, भाऊ, तुमच्यासारखा…"

"आजोबा," जुळ्यांची आई म्हणाली. ती खालच्या पायरीवरून उठून उभी राहिली होती. "बोळकांडीत तुमच्याबरोबर कोण असायचं?"

"कोण असणार? मी आणि ताटं."

"कोणी मधे बघायचं नाही?"

"अंधार होता म्हटलं ना."

"मी दोन पोरांना जेवू घालते," ती म्हणाली. "बटाटा करा, होडी करा, साळिंदर करा, मुलं टाकतात. दोघांतलं एक रोज टाकतं. बत्तीस मुलं तर डोंगर टाकतील. ती पोर खरं बोलत होती. थोबाडीत तिला बसली, आणि खोटं तुम्ही बोललात. आताही बोलताय. डबा नव्हता तुमच्याकडे. तुम्हाला डब्याची गरजच काय होती? सगळी ताटं तुम्ही खाल्लीत."